निसटती वाट : कुलाब्याची गणितशाळा आणि जालकांचा इतिहास

धागा.

१९५६ साली ‘जर्नल ऑफ द इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी’ या भारतीय नियतकालिकाच्या विसाव्या खंडात एक्केचाळीस पानांचा एक निबंध छापून आला. लेखक होते ॲटले सेल्बर्ग. नॉर्वेचे हे गणिती, १९५० च्या फील्ड्स पदकाचे मानकरी. त्यांचे ज्या सूत्रामुळे पुढे सर्वाधिक नाव झाले, ते ‘सेल्बर्ग ट्रेस सूत्र’ जगाने प्रथम छापील स्वरूपात वाचले ते याच भारतीय खंडात. निमित्त होते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने झीटा फलांवर भरवलेल्या परिसंवादाचे.

चार वर्षांनी, १९६० साली, त्याच संस्थेने दुसरा परिसंवाद भरवला आणि सेल्बर्ग यांनी त्यात आणखी एक निबंध दिला. त्यातील एका विधानाने गणिताची एक संपूर्ण शाखा सुरू झाली. काही विशिष्ट रचना इतक्या घट्ट असतात की त्या जागच्या जागी किंचितही हलवता येत नाहीत, असे ते विधान. मात्र त्याला एक अट होती. ती अट काय होती आणि ती काढून टाकण्यासाठी मुंबईत बसलेल्या काही तरुणांनी पुढची पंचवीस वर्षे कशी घालवली, त्याची ही हकीकत.

आधी ती अट. तिच्यासाठी फळा लागत नाही, भाताचे खाचर पुरते.

खालापूर तालुक्यातील मोहोपाडा आज रसायनीच्या कारखान्यांमुळे ओळखला जातो. तरी हा सारा मुलूख भाताचा. शेजारच्या कर्जतला भाताचे संशोधन केंद्रच आहे. कोकणात प्रचारात आलेल्या ‘चारसूत्री’ पद्धतीने लावलेले एखादे खाचर डोळ्यांसमोर आणावे. लावणीच्या दोरीवर १५ आणि २५ सेंटिमीटरच्या खुणा आलटून पालटून असतात. आडव्या दिशेने पंधरा-पंचवीस, उभ्या दिशेनेही पंधरा-पंचवीस. त्यामुळे चार चुडांचा एक छोटा चौकोन होतो, त्याच्या मधोमध खताची एक गोळी खोचली जाते, मग थोडी मोकळी जागा आणि पुन्हा तसाच चौकोन.

आता हे खाचर चारही दिशांना अमर्याद पसरले आहे अशी कल्पना करावी. सगळे शेत उचलून ४० सेंटिमीटर पूर्वेला सरकवले तर काय दिसेल? काहीच बदललेले दिसणार नाही. चूड चुडावर बसेल, गोळी गोळीवर. ४० सेंटिमीटर उत्तरेला सरकवले तरी तेच. पण २० सेंटिमीटर सरकवले तर बिघडले.

शेत सरकवण्याचे जितके प्रकार संभवतात त्या सर्वांचा मिळून एक ‘गट’ होतो. महाविद्यालयात ज्याला ग्रुप म्हणून शिकवतात तोच. ज्या सरकवण्यांनी लावणी बिघडत नाही, तेवढ्यांचा त्याच्या पोटात एक ‘उपगट’ होतो. या उपगटात दोन गुण आहेत. त्याच्या सरकवण्या सुट्या सुट्या आहेत, एकीच्या अगदी निकट दुसरी नाही. आणि शेतातला कोणताही बिंदू घ्या, तेथून २९ सेंटिमीटरच्या आत एक तरी गोळी सापडतेच. उपगटाच्या पकडीतून कोणतीही जागा फार दूर सुटत नाही.

हा दुसरा गुण म्हणजेच ती अट. गणिताच्या मराठीत ‘कॉम्पॅक्ट’ला संहत म्हणतात, त्यावरून अशा उपगटाला सहसंहत म्हणता येईल. साऱ्या अनंत शेताचे ज्ञान ४० गुणिले ४० सेंटिमीटरच्या एका चौकोनात मावते. त्या चौकोनाची डावी कड उजवीला आणि वरची खालचीला जोडली की मेदूवड्याच्या पृष्ठभागासारखा आकार मिळतो. त्याला टोक नाही, काठ नाही आणि त्यावरून कितीही चालले तरी कोणी हरवत नाही.

सगळे उपगट इतके गुणी नसतात. बांधावर एकाच ओळीत तुरी लावल्या तर ती ओळ पूर्व-पश्चिम पकडून ठेवते, पण उत्तरेला चालत जाणारा माणूस तिच्यापासून हवा तितका दूर जाऊ शकतो. हा उपगट सुटा आहे, पण सहसंहत नाही. उलट, एकाच दोरीवर १ आणि √२ अशा दोन मापांनी पुढेमागे उड्या मारण्याची मुभा दिली तर त्या उड्यांनी पोहोचता येणारे बिंदू दोरीवर सर्वत्र दाटीने पसरतात. कोणत्याही खुणेच्या हवे तितके जवळ जाता येते, तरी प्रत्येक खुणेवर पाय पडत नाही. अशा उपगटाला बंद म्हणत नाहीत, कारण ज्यांच्याकडे तो सरकत जातो ते बिंदू त्याच्या मालकीचे नसतात. ही √२ ची दोरी लक्षात ठेवावी. तिचे काम पुढे आहे.

तिसरा प्रकार सर्वांत फसवा. शेताच्या जागी सपाट जमीन न घेता लोबाचेव्हस्कीच्या भूमितीचा पट घेतला आणि सरकवण्यांच्या जागी पूर्णांकी २×२ सारणी घेतल्या, ज्यांचा निश्चयक १ आहे, तर जो तुकडा उरतो त्याला एका बाजूने शेपूट फुटते. दोन बांधांमधली पाणंद पुढे पुढे निमुळती होत जावी तशी ती अनंतापर्यंत जाते. लांबी अनंत, पण रुंदी इतक्या झपाट्याने घटते की सगळ्या तुकड्याचे क्षेत्रफळ π/३ एवढेच भरते. क्षेत्रफळ मोजता येते, पण चालणारा माणूस हरवू शकतो. ज्या सुट्या उपगटांमुळे उरलेल्या तुकड्याचे माप असे सांत राहते, त्यांना ‘जालक’ म्हणतात. सहसंहत जालके आणि असहसंहत जालके, अशी दोन घराणी. पूर्णांकांतून येणारी बहुतेक नैसर्गिक उदाहरणे नेमकी दुसऱ्या, निसटत्या घराण्यातली असतात.

सेल्बर्ग यांचे १९६० चे विधान पहिल्या घराण्यापुरते होते. निश्चयक १ असलेल्या n×n वास्तव सारणींच्या गटात, n तीन किंवा अधिक असेल तर, सहसंहत जालक थोडेसे वाकवून नवे जालक करता येत नाही. आंद्रे वेल यांनी त्याच सुमारास ते खूप मोठ्या वर्गाला लागू केले. अट मात्र तीच राहिली : तुकडा संहत हवा, पाणंद नको.

ज्या संस्थेत हे घडत होते ती तेव्हा अवघी पंधरा वर्षांची होती. होमी भाभांनी १९४५ साली तिची स्थापना बंगळूरला केली आणि त्याच वर्षी ती मुंबईला आली. आधी पेडर रोडवरच्या एका बंगल्यात, मग गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत. कुलाब्याच्या टोकाची, समुद्राकाठची आजची वास्तू १९६२ साली उघडली. संस्थेतील सुरुवातीच्या गणितज्ञांत एक नाव इतिहासप्रेमींच्या घरचेच आहे : गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी. नाण्यांचे वजन आणि त्यांची झीज मोजून इतिहास लिहिणारा हा माणूस पुण्याहून डेक्कन क्वीनने मुंबईला ये-जा करी. म्हणजे रोज बोरघाट उतरून कर्जतवरूनच. त्यांच्या लेखनातील भूमितीचा भाग इतिहासाच्या वाचकांनी सहसा उघडलेला नसतो, हे खरे.

गणिताची शाळा म्हणून संस्था उभी केली ती मात्र के. चंद्रशेखरन यांनी. त्यांची रीत साधी होती. जगातील मोठ्या गणितज्ञाला काही महिने बोलवायचे, व्याख्याने द्यायला लावायची आणि ती व्याख्याने लिहून काढण्याचे काम एखाद्या विद्यार्थ्याकडे सोपवायचे. लिहून काढताना विद्यार्थी प्रत्येक फट बुजवतो. बुजवता आली नाही तर त्याला संशोधनाचा विषय सापडतो. लोरां श्वार्ट्झ आले, कार्ल लुडविग सीगल अनेकदा आले. सीगल यांची वर्गरूपांवरील व्याख्याने संस्थेने १९५७ मध्ये पुस्तिकेच्या रूपात काढली. संस्थेतील के. जी. रामनाथन हे सीगल यांच्याच परंपरेतले.

हा तपशील किरकोळ नाही. जी पाणंद इतरांना अडचण वाटत होती, तिचा नकाशा काढण्याची कला म्हणजेच सीगल यांचा न्यूनीकरण सिद्धांत. पूर्णांकांतून येणाऱ्या जालकांचा तुकडा अनंताकडे कसा निमुळता होतो, त्याला किती शेपट्या, त्यांची रुंदी कशी घटते, हे त्यात तपशिलाने येते. मुंबईची पोरे जर्मन भूमितीच्या या जड अवजारावर वाढली. जगाने सहसंहत घराणे आधी निवडले कारण ते सोपे होते. मुंबईच्या वाट्याला अवघड घराणे आले आणि त्यासाठी लागणारी हत्यारे हाताशी होती. पुढच्या दोन दशकांचा हिशोब पाहिला तर हे केवळ योगायोगाने घडले असे म्हणवत नाही.

सेल्बर्ग यांनी मुंबईत निबंध दिला त्याच १९६० साली एम. एस. रघुनाथन नावाचा एकोणीस वर्षांचा तरुण संस्थेत दाखल झाला. जन्म अनंतपूरचा. त्याचे मार्गदर्शक एम. एस. नरसिंहन. पहिले काम सेल्बर्ग-वेल यांच्या वाटेवरचेच होते, सहसंहत उपगटांच्या घट्टपणावरचे. मग १९६७ आणि १९६८ मध्ये ‘ॲनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’मध्ये दोन निबंध आले आणि त्यांत रघुनाथन पाणंदीत शिरलेले दिसतात. पूर्णांकांतून आलेल्या जालकांसाठी सहसंहततेची अट न घेता तसेच निष्कर्ष काढता येतात, असा त्यांचा रोख. १९६८ च्याच एका टिपणात त्यांनी दाखवले की अशा जालकाचा तुकडा अनंताकडे जातो खरा, पण अव्यवस्थितपणे नाही. योग्य ठिकाणी कापला तर आत एक संहत गाभा राहतो आणि त्यापलीकडे आकाराच्या दृष्टीने नवे काही घडत नाही.

त्याच वर्षी मॉस्कोत दोन तरुणांनी सेल्बर्ग यांची एक जुनी अटकळ सिद्ध केली. डेव्हिड काझदान आणि ग्रिगोरी मार्गुलिस ही त्यांची नावे. जालक असहसंहत असेल तर त्यात एक खास जातीचे घटक, एकशक्तिक घटक, असलेच पाहिजेत, हे ते प्रमेय. पाणंद असेल तर तिच्या तोंडाशी ओळखीची खूण असतेच, असे म्हणा. पूर्णांकांतून येणाऱ्या जालकांसाठी हीच कसोटी बोरेल आणि हरीशचंद्र यांनी आधी दिली होती. हे हरीशचंद्र कानपूरचे. भाभांबरोबर बंगळूरला भौतिकीत काम करून पुढे केंब्रिजमार्गे गणितात गेलेले.

मुंबई आणि मॉस्को यांच्यात तेव्हा विमानाची सोय होती, पण सोव्हिएत गणितज्ञाला तिकीट काढण्याची मुभा क्वचितच असे. संवाद चाले तो छापील निबंधांतून. १९७० मध्ये हॉवर्ड गार्लंड आणि रघुनाथन यांनी ज्यांचा वास्तव दर्जा एक आहे अशा गटांतील जालकांच्या पाणंदींचे वर्णन पूर्ण केले. येथे जालक पूर्णांकांतून आलेच पाहिजे अशी अटही नव्हती. १९६८ मध्ये जॉर्ज मॉस्टो यांनी घट्टपणाचे कितीतरी प्रबळ रूप सहसंहत प्रकारात सिद्ध केले होते. १९७३ मध्ये टाटा संस्थेतील गोपाल प्रसाद यांनी ते असहसंहत जालकांपर्यंत नेले. आज जगभर ते ‘मॉस्टो-प्रसाद दृढता’ या जोडनावाने शिकवले जाते. जोडनावातील दुसरा अर्धा भाग पाणंदीचा.

१९७२ साली रघुनाथन यांचे ‘डिस्क्रीट सबग्रुप्स ऑफ ली ग्रुप्स’ हे पुस्तक जर्मनीच्या स्प्रिंगर प्रकाशनाने काढले. या विषयावरचे ते पहिले सर्वंकष पुस्तक. त्यात दोन्ही घराणी आहेत. १९७३ च्या जानेवारीत मुंबईत भरलेल्या परिसंवादाचा विषयही हाच होता. त्याच्या खंडात डेव्हिड ममफर्ड आणि अर्नेस्ट विनबर्ग यांचे निबंध आहेत. १९७७ मध्ये मॉस्कोच्या ‘मीर’ प्रकाशनाने पुस्तकाचा रशियन अनुवाद काढला. त्याला एक परिशिष्ट जोडलेले होते. मार्गुलिस यांचे. वरच्या दर्जाच्या गटांतील सर्व अविभाज्य जालके, सहसंहत असोत वा नसोत, अखेर पूर्णांकांतूनच येतात, या प्रमेयाची ती सिद्धता होती. पुढच्याच वर्षी मार्गुलिस यांना फील्ड्स पदक जाहीर झाले आणि ते घेण्यासाठी हेलसिंकीला जाण्याची परवानगी त्यांच्या सरकारने त्यांना दिली नाही. त्या काळातील एक महान प्रमेय मुंबईत लिहिलेल्या पुस्तकाच्या शेपटाला, अनुवादात, छापले गेले होते.

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर रघुनाथन यांच्या मनात एक वेगळाच प्रश्न घोळत होता. त्याचे मूळ १९२९ मध्ये होते. अलेक्झांडर ओपनहाइम या गणितज्ञाने, जे पुढे सिंगापूरला प्राध्यापक झाले, एक अटकळ मांडली होती. तिचे नंतर रूढ झालेले रूप पाहू. x² + y² − √२ z² ही राशी घ्यावी. x, y, z यांना पूर्णांक किमती द्याव्यात, तिन्ही शून्य नकोत. राशी शून्याच्या हवी तितकी जवळ नेता येईल का? २, ३, ३ घेतले तर उत्तर सुमारे ०.२७ येते. १९, १, १६ घेतले तर सुमारे उणे ०.०३९. आणखी जवळ? आणखी? √२ ऐवजी दुसरी कोणतीही अपरिमेय संख्या असली तरी? शाळकरी मुलाला समजेल असा प्रश्न. पन्नासच्या दशकात डॅव्हनपोर्ट, बर्च आणि रिडआउट यांनी विश्लेषणाची सारी ताकद लावली आणि त्यांना उत्तर मिळाले ते एकवीस किंवा अधिक चलांसाठी. तीन चलांसाठी काहीच नाही.

दोन चलांत तर विधान खोटेच आहे. सुवर्ण गुणोत्तर φ घेऊन x² − φ²y² ही राशी केली तर ती शून्यापासून ठरावीक अंतर कायम राखते. म्हणजे तीन या आकड्यातच काहीतरी आहे.

रघुनाथन यांनी पाहिले ते असे. ही राशी जसजशी फिरवता येते, पण तिची किंमत बदलत नाही, अशा सर्व हालचालींचा एक गट आहे. त्याला ३×३ सारणींच्या तुकड्यावर, म्हणजे पूर्णांकी जालकाने भागून उरलेल्या त्या निसटत्या जागेवर, चालू द्यावे. त्याची वाट एकतर स्वतःवर बंद होते, नाहीतर सगळी जागा दाटीने भरून टाकते, एवढे सिद्ध झाले की ओपनहाइम यांची अटकळ आपोआप पडते. तिसरी शक्यता नाही, असा त्यांचा अंदाज. संख्यांचा प्रश्न चालण्याचा झाला.

आणि त्यांनी तो आणखी व्यापक केला. कोणत्याही जालकाच्या तुकड्यावर एकशक्तिक घटकांची वाट घ्या. ती जेथे जेथे दाटी करते ते सारे बिंदू मिळून एखादा विचित्र, विरलेला, तुकड्यातुकड्यांचा संच होणार नाही. तो कोणत्यातरी बंद उपगटाचीच स्वच्छ वाट असेल आणि तिचे माप सांत असेल. √२ च्या दोरीचे उदाहरण येथे आठवावे. तेथेही उड्यांच्या दाटीतून कुरूप काही निर्माण झाले नाही, सरळ अख्खी दोरी मिळाली. रघुनाथन यांचे म्हणणे होते की ही शिस्त सर्वत्र आहे. पुरावा फारच थोडा होता आणि विधान अफाट मोठे होते.

त्यांनी ते स्वतः छापले नाही. ते प्रथम छापून आले १९८१ मध्ये, ‘इन्व्हेन्शियोनेस’ या नियतकालिकातील श्रीकृष्ण गोपाळराव दाणी यांच्या निबंधात. दाणी यांनी रघुनाथन यांचे नाव देऊन अटकळ नोंदवली आणि वाटांऐवजी मापांविषयीचे तिचे जुळे रूप स्वतः मांडले.

दाणी मूळचे बेळगावचे. मुंबई विद्यापीठातून १९६९ मध्ये एम.एससी. करून ते टाटा संस्थेत आले. त्यांचे काम समजायचे तर पुन्हा दोन घराण्यांकडे यावे लागते. २×२ सारणींच्या तुकड्यावरील एकशक्तिक वाटांविषयी जी. ए. हेडलंड यांनी १९३६ मध्येच दाखवले होते की जालक सहसंहत असेल तर प्रत्येक वाट सगळीकडे दाटी करते. १९७३ मध्ये हिलेल फर्स्टनबर्ग यांनी त्याहून पुढे जाऊन सांगितले की ती सर्व भागांना सारखाच वेळ देते. पण जालक सहसंहत असेल तरच. पाणंद असली की दोन अडचणी. काही वाटा स्वतःवर बंद होतात, चक्कर मारत राहतात. आणि दुसरी, अधिक भयंकर शक्यता : वाट पाणंदीत शिरून परतच आली नाही तर? मग वेळेच्या हिशोबातले माप कोठेतरी अनंतात गळून जाईल आणि सर्व सरासऱ्या खोट्या ठरतील.

परत येतेच, हे मार्गुलिस यांनी सत्तरच्या दशकाच्या आरंभी एका लेम्मात दाखवले होते. त्यामागची कल्पना सुंदर आहे. एकशक्तिक वाटेचे वर्णन बहुपदींनी होते. बहुपदी फार वेळ अगदी लहान राहून अचानक मोठी होत नाही. तिच्या अंगी तेवढी लबाडी नसते. पाणंदीत खोल असणे म्हणजे काही बहुपदी लहान असणे. म्हणून वाट खोलात जाते, पण तेथे मुक्काम करू शकत नाही. दाणी यांनी या लेम्माला हिशोब दिला. १९७९ पासून पुढच्या काही निबंधांत त्यांनी दाखवले की वाट आपल्या वेळेचा ठरावीक मोठा हिस्सा गाभ्यातच घालवते, आणि तो हिस्सा आधी सांगता येतो. उधारीवर गेलेला माल परत येणार एवढ्यावर न थांबता, किती आणि केव्हा हेही वहीत लिहिल्यासारखे. १९८४ मध्ये जॉन स्मिली यांच्यासह त्यांनी फर्स्टनबर्ग यांचा समान वाटपाचा निष्कर्ष २×२ सारणींच्या सर्व असहसंहत जालकांपर्यंत नेला. बंद चकरा तेवढ्या अपवाद.

१९८५ च्या एका निबंधात त्यांनी उलटी बाजूही दाखवली. एकशक्तिक वाटांऐवजी कर्णसारणींच्या वाटा घेतल्या तर त्या खरोखर पाणंदीत हरवू शकतात आणि कोणत्या हरवतात हे संख्याशास्त्र सांगते. वाट मर्यादित राहते ती सुवर्ण गुणोत्तरासारख्या, अपूर्णांकांना जवळ येऊ न देणाऱ्या संख्यांची. ‘दाणी-संवाद’ या अर्थाच्या नावाने हा दुवा आज ओळखला जातो. दोन चलांत ओपनहाइम यांचे विधान का फसते, त्याचे उत्तरही याच दुव्यात आहे.

मग निकाल मॉस्कोहून आला. १९८६-८७ च्या सुमारास मार्गुलिस यांनी ओपनहाइम यांची अटकळ तीन आणि अधिक चलांसाठी सिद्ध केल्याचे जाहीर केले. मार्ग रघुनाथन यांनी दाखवलेलाच होता. ओपनहाइम तेव्हा ऐंशी पार केलेले, पण हयात होते. आपल्या तरुणपणीच्या प्रश्नाचे उत्तर पाहून ते १९९७ मध्ये वारले. १९८९ मध्ये दाणी आणि मार्गुलिस यांनी संयुक्त निबंधात विधान आणखी पक्के केले : पूर्णांकांचा सामाईक विभाजक एकच असावा अशी अट घातली तरी राशीच्या किमती सर्वत्र दाटी करतात. पुढच्या वर्षी दोघांनी सिद्धता इतकी सोपी करून लिहिली की पदव्युत्तर विद्यार्थ्याला ती वाचता यावी. पंधरा-वीस वर्षे एकमेकांच्या छापील निबंधांना उत्तरे देणारी मुंबई आणि मॉस्को अखेर एकाच शीर्षकाखाली आली.

रघुनाथन यांची अटकळ मात्र पूर्ण सिद्ध केली ती तिसऱ्याच व्यक्तीने. मरिना रॅटनर मॉस्कोत शिकल्या, १९७१ मध्ये इस्राएलला गेल्या आणि नंतर बर्कली येथे स्थिरावल्या. १९९० आणि १९९१ मध्ये त्यांनी प्रदीर्घ निबंधांची मालिका छापली आणि आधी मापांचे, मग वाटांचे रूप सर्व जालकांसाठी, सर्व एकशक्तिक वाटांसाठी सिद्ध केले. पाणंदीत काही गळून जात नाही, याची हमी त्यांनी ज्या निष्कर्षांवरून घेतली त्यांत दाणी यांचे काम आहे. निबंधांच्या शीर्षकांत त्यांनी रघुनाथन यांचे नाव ठेवले. प्रमेये आज रॅटनर यांच्या नावाने ओळखली जातात, आणि तेही योग्यच. ज्याने प्रश्न विचारला तो आणि ज्याने सोडवला तो, दोघांची नावे एकाच शीर्षकात असण्याचे भाग्य फार थोड्या प्रश्नांना लाभते.

दाणी यांना १९९० मध्ये भटनागर पुरस्कार मिळाला. रघुनाथन यांना तो १९७७ मध्येच मिळाला होता. १९९४ मध्ये झ्युरिकच्या आंतरराष्ट्रीय गणित परिषदेत दाणी निमंत्रित वक्ते होते. पुढे ते प्राचीन भारतीय गणिताच्या इतिहासाकडेही वळले आणि शुल्बसूत्रांवर त्यांनी लिहिले. वेदी बांधताना दोरीने चौकोन कसे आखले जात, तो विषय. लावणीच्या दोरीचे हे फार जुने नातेवाईक.

२०१० च्या ऑगस्टमध्ये ही परिषद प्रथमच भारतात, हैदराबादला, भरली. आयोजन समितीचे अध्यक्ष होते एम. एस. रघुनाथन. त्या वर्षीच्या चार फील्ड्स पदकांपैकी एक एलॉन लिंडेनश्ट्राउस यांना मिळाले. त्यांचे काम जालकांच्या तुकड्यांवरील मापांच्या घट्टपणाचे आणि त्याच्या संख्याशास्त्रातील उपयोगाचे होते. रॅटनर यांच्या प्रमेयांनी एकशक्तिक वाटांचा निकाल लागला होता. लिंडेनश्ट्राउस यांनी हात घातला होता तो कर्णसारणींच्या वाटांना, पाणंदीत खरोखर हरवू शकणाऱ्या त्या वाटांना. त्यांच्याविषयीची सर्वसाधारण अटकळ अजून सुटलेली नाही.